गोदेच्या काठचा सिंह

गोदावरीच्या काठी एक भाविक गृहस्थ फुलं तोडायला येतो. पूजेसाठीच येतो, मनात दुसरं काही नाही. पण तो ज्या दाट जाळीत शिरतो, ती गावातल्या एका बाईनं आपल्या प्रियकराला भेटण्यासाठी हेरून ठेवली आहे. त्या वाटेवरच्या एका कुत्र्याला हा गृहस्थ भीत असे. एके दिवशी बाई त्याला गाठते आणि अगदी आदरानं सांगते की आता निर्धास्त हिंडायला हरकत नाही, तो कुत्रा आज मेला. मारला कुणी? इथंच, गोदेच्या जाळीत राहणाऱ्या एका मस्तवाल सिंहानं.

गाथा एवढीच. दोन ओळी : पहिलीत ३० मात्रा, दुसरीत २७. या ५७ मात्रांत बाईनं गृहस्थाला येऊ नका असं एकदाही म्हटलेलं नाही. उलट हिंडायची मोकळीक दिली आहे. उद्या कुणी जाब विचारलाच, तर तिनं बिचाऱ्याची भीतीच घालवली होती. आणि तरीही तो माणूस पुन्हा त्या जाळीकडे फिरकणार नाही. सिंह राहतो तो तिच्या वाक्यात. तेवढं पुरतं.

याहून थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. मी वर सांगितलेलं बरंचसं गाथेत नाहीच! प्रियकर नाही, संकेतस्थळ नाही, प्रेम हा शब्दही नाही. बोलणारी बाई आहे हेसुद्धा गाथा सांगत नाही. एका भाविकाला उद्देशून केलेलं एक गोड बोलणं तेवढं आहे. वाचणारा थबकतो. सिंह असलेल्या जागी कुणाला कुणी निर्धास्त हिंड म्हणेल का, असं त्याच्या मनात येतं आणि मग त्या एका प्रश्नातून ती बाई, तिचं गुपित, तिची घाई, तिची अक्कल सगळं उभं राहतं.

ही गाथा ज्या संग्रहातली आहे तो ‘गाथासप्तशती’ किंवा ‘सत्तसई’. सातवाहन राजा हाल यानं तो संकलित केला अशी परंपरा आहे. संग्रहाच्या सुरुवातीलाच सांगितलं आहे की एक कोटी गाथांमधून या सातशे निवडल्या. कोटीचा आकडा अर्थातच कवीच्या हिशेबातला. पण निवड झाली आणि ती कडक झाली, हे वाचताना पटतं. पुराणांच्या यादीत हालाच्या वाट्याला जेमतेम पाच वर्षांचं राज्य येतं. परंपरा त्याला इसवी सनाच्या पहिल्या शतकात ठेवते; संग्रहात पुढच्या काही शतकांची भर पडत गेली असं अभ्यासक मानतात. सातव्या शतकात ‘हर्षचरित’ लिहिताना बाणभट्ट पूर्वसुरींच्या मालिकेत सातवाहनाच्या या कोशाचं नाव मोठ्या मानानं घेतो, म्हणजे तोवर तो उत्तरेत कनौजपर्यंत पोचला होता. भाषा महाराष्ट्री प्राकृत, आपल्या मराठीची पूर्वज. नद्या गोदावरी, तापी, नर्मदा. डोंगर विंध्य. माणसं नांगर धरणारी, गुरं राखणारी, पाटीलकी करणारी, वाटसरू, शिकारी. आणि यातल्या बहुसंख्य गाथांत एकतर बाई बोलते, नाहीतर बाईशी कुणी बोलतं, नाहीतर बाईकडे कुणी बघत असतं.

अभिजात साहित्यातली नायिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजवाडा येतो, उपवन येतं, कमळाच्या पानांवर निजलेली विरहिणी येते. इथं स्वयंपाकघर येतं. एका गाथेत चुलीपाशी काम करणाऱ्या गृहिणीनं काजळीचा हात नकळत तोंडाला लावला आहे. नवरा हसतो, कारण आता तो चेहरा खरोखर चंद्रासारखा झाला, डागासकट. मुखचंद्र ही उपमा भारतीय कवींनी हजारो वेळा वापरली असेल. पण चंद्राला डाग असतो, तेव्हा चेहऱ्यालाही हवा, हे सुचायला चूल जवळून बघावी लागते. दुसऱ्या एका गाथेत विस्तव पेटत नाही म्हणून सुगरण वैतागली आहे. फुंकून फुंकून नुसता धूर. तिला समजावलं जातं की तुझ्या तोंडचा पाटलीच्या फुलासारखा सुगंधी श्वास प्यायला मिळतोय तोवर अग्नी कशाला पेटेल?

भांडण झालेल्या जोडप्याची एक गाथा मला या साऱ्या संग्रहात फार प्रिय आहे. दोघंही रुसून पाठ फिरवून पडली आहेत. दोघंही झोपेचं सोंग घेत आहेत. दोघांनीही श्वास रोखून धरला आहे, आणि कान मात्र दुसऱ्याच्या श्वासाकडे. गाथा शेवटी एवढंच विचारते की या दोघांत पहिलवान कोण. आणखी एका घरात नवरा बायकोच्या पायांवर डोकं ठेवून क्षमा मागतो आहे. ती काही केल्या विरघळत नाही. तेवढ्यात त्यांचं पोर येतं आणि वाकलेल्या बापाच्या पाठीवर घोडा घोडा करत चढतं. तिचा राग जागच्या जागी आहे, पण हसू फुटून गेलं. प्रेमाच्या कवितेत मूल आणायचं म्हणजे कवींना संकट वाटतं. शृंगार बिघडेल, वात्सल्य मध्ये येईल अशी भीती. इथं मूल येतं आणि नेमकं त्याच्यामुळेच दोघांचं नातं दिसतं.

डोहाळ्यांच्या दोन गाथा शेजारी ठेवून वाचाव्यात. संग्रहात त्या दूर दूर आहेत, पण प्रश्न एकच आहे : तुला काय हवंसं वाटतं? पहिल्या गाथेत मैत्रिणी विचारतात. मुलीचं हे पहिलंच गरोदरपण. ती उत्तर देत नाही, तिची नजर तेवढी नवऱ्याकडे जाते. दुसरी गाथा गरिबाच्या घरातली. इथं नवरा विचारतो. गरोदर बाईचे डोहाळे पुरवलेच पाहिजेत, हा संकेत घरोघरी पाळला जाणारा. ती जे मागेल ते आणायला तो धावेल, आणि घरात तर काही नाही. ती म्हणते, पाणी. तो पुन्हा विचारतो. ती पुन्हा म्हणते, पाणी.

त्या ‘पुन्हा’त किती काय आहे! त्याला तिचं पहिलं उत्तर खरं वाटलेलं नाही, म्हणजे त्याला घरची स्थिती ठाऊक आहे आणि तिचा स्वभावही ठाऊक आहे. तिला कळलं आहे की त्याला कळलं आहे. तरी ती उत्तर बदलत नाही. त्याची तारांबळ होऊ नये, एवढंच तिच्या मनात. कवीनं तिच्या त्यागाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, तिला सती-साध्वी म्हटलेलं नाही. तिनं पाणी मागितलं, एवढं नोंदवून तो बाजूला झाला.

पाण्यावरची आणखी एक गाथा पाणपोईवर घडते. उन्हातून आलेला वाटसरू ओंजळीनं पाणी पितो आहे. पिता पिता वर बघतो, धार धरणाऱ्या मुलीकडे. पाणी लवकर संपू नये म्हणून तो बोटं सैल सोडतो, पाणी खाली गळून जातं. तिच्या हे लक्षात येतं, आणि ती आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. एकही शब्द बोलला गेलेला नाही. तिनं होकार दिला का? नुसती गंमत केली का? वाटसरू पुढच्या गावी निघून जाणारच आहे, हे दोघांनाही माहीत आहे. बोटांमधली फट आणि पाण्याची धार यांत ते जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवतात.

हे वाटसरू कोण होते, याचं उत्तर इतिहासात आहे. सातवाहनांचा काळ हा दख्खनच्या व्यापाराचा भराचा काळ. पैठण, तेर, जुन्नर ही गजबजलेली गावं. घाटावरचा माल नाणेघाटासारख्या वाटांनी कोकणातल्या बंदरांवर उतरे आणि उत्तरेकडे भडोचला जाई. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे असं नोंदलं आहे. आता ही गाथा बघा : नवरा परगावी गेलेली एक भाबडी बायको दिवस मोजते आहे. हातांची बोटं संपली, पायांची बोटं संपली, आणि आता कशावर मोजू म्हणून ती रडू लागते. हातापायांची बोटं वीस. त्या गाथेत पैठण नाही, भडोचही नाही, आणि ग्रीक खलाशाला या बाईची वार्ता असायचं कारण नाही. पण दोन नोंदी शेजारी आल्या की अंगावर काटा येतो. तिची बोटं संपतात, तेव्हा त्याची जायची वाट कुठं संपलेली असते. परतीची अजून सुरूही व्हायची आहे.

ज्यांना बोटं पुरत नाहीत त्या भिंतीवर रेघा ओढतात. एकीनं नवरा आज गेला, आज गेला असं म्हणत रेघा ओढायला सुरुवात केली आणि पहिल्या दिवसाचा अर्धा भाग सरायच्या आत भिंत रेघांनी भरून गेली. दुसरीच्या घराचं छप्पर वादळानं उडालं आहे. भोकांतून पाणी ओतल्यासारखं आत येतं आहे. ती उठली आहे आणि भिंतीवर दोन्ही तळहात धरून उभी आहे, कारण तो किती दिवसांत परतणार ते तिथं लिहिलं आहे. गाथा इथंच थांबते. धान्य भिजलं का, अंथरूण भिजलं का, हे विचारायला ती जागाच ठेवत नाही.

भिंतीचाच आणखी एक उपयोग एका सुनेनं केला आहे. दिराची नजर वाईट आहे. ती आरडाओरडा करत नाही. केला तर घर फुटेल, आणि एकत्र कुटुंबात दोष कुणाच्या माथी येईल याचा तिला अंदाज आहे. घराच्या भिंतीवर रामकथेची चित्रं आहेत. ती दिराला दिवसभर त्या चित्रांतली लक्ष्मणाची गोष्ट सांगत बसते, रामाच्या मागोमाग वनात गेलेल्या धाकट्या भावाची. गाथेत नकार हा शब्द नाही, उपदेश नाही, धमकीही नाही. पण दिवसभर ती गोष्ट ऐकून उठलेल्या दिराला आपण काय ऐकलं हे पुरतं कळलेलं असणार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घरात एका बाईनं स्वतःची अब्रू आणि घराची शांतता एकाच वेळी कशी राखली, याचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आता गोदाकाठच्या त्या सिंहाकडे परत यायला हवं, कारण त्यानं पुढे फार लांबचा प्रवास केला.

नवव्या शतकात काश्मीरमध्ये, राजा अवंतिवर्म्याच्या काळात, आनंदवर्धन नावाचा एक पंडित ‘ध्वन्यालोक’ लिहीत होता. कवितेचा आत्मा कशात असतो, हा त्याचा प्रश्न. अलंकारात, असं आधीचे म्हणत. आनंदवर्धनाचं उत्तर होतं ध्वनी : शब्द जे बोलतात त्याच्या पलीकडे जे उमटतं ते. हे सिद्ध करायला त्याला असं उदाहरण हवं होतं की जिथं वाच्य अर्थ आणि उमटणारा अर्थ यांत गफलत शक्यच नाही, दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहेत. संस्कृतचं सगळं भांडार समोर असताना त्यानं अगदी आरंभी पुढे केली ती ही प्राकृत गाथा. शब्द सांगतात हिंड, अर्थ सांगतो फिरकू नकोस. मग लगेच उलट उदाहरण, तेही याच संग्रहात सापडणारं. रात्रीच्या मुक्कामाला आलेल्या वाटसरूला घरची तरुण सून उजेडीच दाखवून ठेवते की इथं सासू निजते आणि इथं मी. तुला रात्री दिसत नाही, तेव्हा चुकून आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस. शब्दांत मनाई, अर्थात आमंत्रण. आणि सासूनं ऐकलं तरी सून किती काळजीवाहू असंच तिला वाटणार.

आनंदवर्धनानं तिथंच आणखी एक गाथा दिली आहे. बाईच्या ओठावर जखम आहे आणि नवरा समोर आहे. मैत्रीण तिला सर्वांसमक्ष रागावते की नको म्हणून सांगितलं तरी भुंगा बसलेलं कमळ हुंगलंस, भोग आता. सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांनी अभिनवगुप्तानं या गाथेवर टीका लिहिताना दाखवलं की ऐकणारे जितके, तितके अर्थ. नवऱ्याला कळतं, बायको निर्दोष आहे. शेजाऱ्यांना कळतं, बोलायला जागा नाही. सवतीला कळतं, हिचं स्थान हललेलं नाही. प्रियकराला कळतं, आज वाचवलं, पुन्हा असं करू नकोस. आणि जिच्यासाठी हे चाललं आहे तिला कळतं की मैत्रिणीनं तिला सोडवलं. एका वाक्यानं पाच जणांना पाच निरोप, सगळे एकाच क्षणी, सगळे एकमेकांच्या देखत!

पुढे अकराव्या शतकात महिमभट्टानं ध्वनी ही वेगळी शक्ती मानायलाच नकार दिला. त्याच्या मते हे साधं अनुमान आहे : सिंह आहे, म्हणून जागा धोक्याची, म्हणून जाऊ नये. त्याला मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त जे उत्तर दिलं ते वाचताना मला दर वेळी आनंद होतो. मम्मट म्हणतो, अनुमान पक्क्या पायावर हवं. भित्रा माणूससुद्धा गुरूच्या आज्ञेनं किंवा प्रेमापोटी धोक्याच्या जागी जातो. कुत्र्याला टाळणारा माणूस शूर असला तर सिंहाला भीत नाही, असंही होऊ शकतं. आणि मुख्य म्हणजे सिंह आहे हे कुणी पाहिलं आहे? त्याला आधार एवढाच, की ती तसं म्हणते. तिच्या म्हणण्याला प्रमाण काय? म्हणजे तर्कशास्त्र तिथं थांबतं आणि कविता मात्र पुढे निघून जाते.

जरा थांबून या दृश्याकडे पाहावं. गोदावरीच्या खोऱ्यातली एक निनावी बाई, तिनं वेळ मारून नेण्यासाठी उभा केलेला एक सिंह, आणि हजारेक मैलांवर हिमालयाच्या कुशीत पिढ्यान्‌पिढ्या त्यावर वाद घालणारे त्या काळचे सर्वांत तल्लख मेंदू. भारतीय काव्यशास्त्रातला सर्वांत खोल गेलेला सिद्धान्त पहिल्या प्रथम उभा राहतो तो तिच्या बोलण्यावर. मला यात योगायोग दिसत नाही. ज्याला मनातलं उघड बोलायची मुभा आहे, त्याला ध्वनीची गरज कमी. राजा आज्ञा करतो, ऋषी शाप देतो, वीर आव्हान देतो. सासू, दीर, शेजारीण आणि सवत यांच्या कानांमधून वाट काढत ज्याला आपल्या माणसापर्यंत पोचायचं आहे, त्याला एका वाक्यात दोन वाक्यं ठेवावीच लागतात. आनंदवर्धनाला ध्वनी हवा होता, आणि तो बायकांच्या बोलण्यात भरून राहिला होता.

इथंच मला या गाथांचं सर्वांत मोठं वेगळेपण दिसतं. आपल्या शास्त्रकारांनी नायिकेचे प्रकार पाडले. भरताच्या नाट्यशास्त्रात अवस्थेनुसार आठ नायिका आहेत : सजून वाट बघणारी, रुसलेली, फसवली गेलेली, पती दूरदेशी असलेली, संकेताला निघालेली, अशा. पुढे भानुदत्तानं ‘रसमंजरी’त वय, नातं, स्वभाव यांचे गुणाकार करत ३८४ प्रकार गाठले. त्या वर्गीकरणात सूक्ष्मता आहे, नाही असं नाही. पण तिथं नायिकेला काय वाटतं हे ठरलेलं असतं, आणि कवीनं ते सजवायचं असतं. गाथेत ती काय विचार करते आहे हे आपल्याला शोधावं लागतं. ती हुशार आहे हे गृहीत धरल्याशिवाय गाथा उलगडतच नाही. फुलं तोडणाऱ्याला कुत्र्याची बातमी देणारी बाई भोळी आहे असं मानून वाचा, दोन ओळी निरर्थक होतात. ती आपल्यापुढे दोन पावलं आहे असं मानून वाचा, की सगळं उजळतं. स्त्रीच्या बुद्धीवर विश्वास ही ज्या कवितेच्या वाचनाचीच अट आहे, अशी कविता जगात फार नसेल.

पण या गाथा रचल्या कुणी? टीकाकारांनी अनेक गाथांपुढे कवींची नावं दिली आहेत आणि त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा, रोहा अशी स्त्रियांचीही नावं आहेत. कोणती गाथा कुणाची याबाबत हस्तलिखितांचं एकमत नाही, आणि पुरुषांची नावं कितीतरी अधिक आहेत. पीटर खोरोश आणि हर्मन टीकेन या आजच्या अनुवादकांसारखे अभ्यासक म्हणतात की हे खेडं नागर रसिकांनी रचलेलं आहे, खेडूतांच्या साधेपणाची मौज लुटण्यासाठी. त्यात तथ्य आहे. इतकी घोटीव रचना नांगराच्या पाळीत सुचत नसते. संग्रहात अशाही गाथा पुष्कळ आहेत जिथं बाई म्हणजे केवळ अवयव, आणि बघणारा पुरुष. सवतींचा मत्सर हा तर कवींचा आवडता विषय, आणि त्या मत्सरामागचं दुःख त्यांना दर वेळी दिसतंच असं नाही. एवढं मान्य करूनही मला वाटतं की लिहिणारा हात कुणाचाही असो, कान बायकांच्या बोलण्याला लागलेला होता. गरोदर बाईनं दुसऱ्यांदा पाणी मागणं, हे मौजेपोटी सुचणारं नाही.

टीकाकारांनी मात्र कधी कधी हद्द केली. गाथा कोण कुणाला म्हणतं हे मुळात लिहिलेलं नसल्यामुळे प्रत्येक गाथेला प्रसंग जोडणं हे त्यांचं काम. गंगाधरभट्टासारखा टीकाकार निसर्गाच्या निव्वळ वर्णनातही संकेतस्थळ शोधतो. आरंभीच्याच एका गाथेत कमळाच्या पानावर निश्चल उभी असलेली बगळी आहे, पाचूच्या तबकात ठेवलेल्या शंखासारखी. चित्र म्हणून ते पुरेसं सुंदर आहे. पण मम्मट ती गाथा घेतो आणि विचारतो, बगळी हलत का नाही? कारण तिला भीती नाही. भीती का नाही? कारण इथं कुणी येत नाही. म्हणजे बाई प्रियकराला सांगते आहे की जागा निवांत आहे. किंवा, मम्मट पुढे म्हणतो, ती त्याला खोटं पाडते आहे : काल मी येऊन गेलो म्हणतोस, पण बगळीला तर कुणाची चाहूलही लागलेली नाही. पहिल्यांदा वाचताना हे ओढूनताणून वाटतं. दोनदा वाचल्यावर साधी बगळी पुन्हा दिसेनाशी होते.

महाराष्ट्रीत रचलेल्या या गाण्यांचा दबदबा एवढा होता की संस्कृत नाटकांत एक प्रथाच पडली : स्त्रिया बोलतात शौरसेनीत, पण गातात महाराष्ट्रीत. उत्कृष्ट प्राकृत म्हणजे महाराष्ट्राची, असं दंडीनं सांगून टाकलं. कालिदासाची शकुंतला तिसऱ्या अंकात कमळाच्या पानावर नखांनी दुष्यंताला पत्र लिहिते, ते प्राकृत पद्य आहे. आश्रमात वाढलेल्या त्या मुलीचं मन उघडं होतं ते आपल्या नद्यांच्या काठी घडलेल्या भाषेत. पुढे बाराव्या शतकात बंगालमध्ये गोवर्धनाचार्यानं याच नमुन्यावर संस्कृतात ‘आर्यासप्तशती’ रचली आणि प्राकृतालाच शोभणारा रस आपण बळानं संस्कृतात नेला, अशी प्रांजळ कबुली दिली. सतराव्या शतकात बिहारीनं ब्रजभाषेत ‘सतसई’ लिहिली. मूळ गाथा मात्र पंडितांच्या पोथ्यांपुरत्या उरल्या. आधुनिक काळात त्यांना जगापुढे आणलं जर्मनीच्या आल्ब्रेख्ट वेबरनं, १८७० आणि १८८१ साली. वेगवेगळ्या परंपरांतल्या पोथ्या ताडून त्यानं ९६४ गाथा गोळा केल्या. सर्व परंपरांत समान अशा त्यांतल्या ४३०च्या आसपासच. म्हणजे नकलणाऱ्यांनी आपापल्या आवडीच्या गाथा शतकानुशतकं आत घातल्या आणि नावडत्या गाळल्या. मराठीत स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली सविस्तर प्रस्तावनेसह ही सप्तशती आणली. त्या जाडजूड ग्रंथाचं कुठलंही पान उघडावं आणि सुरुवात करावी, क्रमाची गरज नाही.

तसं उघडल्यावर एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. या बायकांचं प्रेम शेतीच्या वेळापत्रकावर चालतं. गोदाकाठच्या मोहाच्या झाडाला एक जण विनवते की फुलं सावकाश गाळ. फुलं वेचायचं निमित्त सरलं की त्या जाळीत जायचं कारण सरलं. नदीचा उतार अवघड असतो तेव्हा एक जण तोल गेल्याच्या मिषानं त्याच्या छातीवर पडते, आणि तोही निव्वळ दयेपोटी तिला घट्ट धरतो. आणि एक गाथा आहे भाताच्या शेतांची. लोंब्या पिकून शेतं पांढुरकी पडू लागली आहेत, लवकरच कापणी होणार, आणि एक बाई मान खाली घालून रडते आहे. पीक हाती आल्यावर कुणी का रडेल? तिला कुणीतरी सांगतं की रडू नकोस, तिकडे तागाचा मळा बघ, हरताळ फासलेल्या नटीसारखा पिवळाजर्द झाला आहे. ताग माणसाच्या उंचीचा वाढतो. भाताचा आडोसा गेला तरी तागाचा आहे. हे सांगणारी मैत्रीण आहे, दूती आहे की अनुभवी म्हातारी, ते ज्याचं त्यानं ठरवावं. आज आपल्याकडे ताग बहुधा हिरवळीच्या खतासाठी पेरतात आणि पिवळा फुलोरा दिसू लागला की नांगरून जमिनीत गाडतात. त्या सांगणारीला आज दुसरं शेत शोधावं लागलं असतं, आणि मला खात्री आहे की भात कापायच्या आतच तिनं तुरीकडे बोट दाखवलं असतं.